एओसीवरचे वाद समजून घ्यायचे तर २०१८ च्या जूनपासून बघायला लागतं

अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ, म्हणजे एओसी, अमेरिकेची डेमोक्रॅट खासदार, हे नाव आपल्याकडे बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या भांडणामुळेच कळलंय. कोणाला पाठीवर लाल अक्षरं असलेला तो पांढरा ड्रेस आठवतो, कोणाला ट्रम्पचं "आपापल्या देशात परत जा" आठवतं, कोणाला गाईंच्या पादण्यावरून झालेला गोंधळ. सगळं असं सुटं सुटं वाचलं की एकतर ती फार मोठी हिरॉइन वाटते नाहीतर एकदम उथळ, आणि मला दोन्ही चुकीचं वाटतं, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

तिचा जन्म १९८९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. आई पोर्तो रिकोची, लोकांच्या घरी साफसफाई करायची, वडील आर्किटेक्ट. ती लहान असतानाच चांगल्या शाळेसाठी म्हणून घरच्यांनी नातेवाईकांची मदत घेऊन शहराबाहेर यॉर्कटाउन हाइट्सला एक छोटं घर घेतलं. २००८ मध्ये वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, ती तेव्हा बॉस्टन युनिव्हर्सिटीत शिकत होती, आणि नंतर ते घरही हातातून जायची वेळ आली. इकॉनॉमिक्स आणि इंटरनॅशनल रिलेशन्सची डिग्री घेऊन ती परत न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनमधल्या एका मेक्सिकन हॉटेलात बारटेंडर आणि वेट्रेस म्हणून कामाला लागली. २०१६ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी धडपडणाऱ्या डाव्या बर्नी सँडर्सच्या प्रचारात काम केलं. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे पुढचे निम्मे वाद याच माहितीवरून झालेत.

२६ जून २०१८. डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, ब्रॉन्क्स आणि क्वीन्सचा १४ वा मतदारसंघ. समोर जो क्राउली, वीस वर्षं खासदार, हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, पक्षाचा चौथ्या नंबरचा नेता, पुढचा स्पीकर म्हणून ज्याचं नाव घेतलं जायचं असा माणूस. तो इतका निर्धास्त होता की ब्रॉन्क्समधल्या एका डिबेटला स्वतः गेलाच नाही, आपल्या जागी दुसरीलाच पाठवलं. एओसीकडे पैसा कमी, जाहिराती कमी, पण दारोदार फिरणारी पोरं भरपूर. तिला साधारण ५७ टक्के मतं पडली. त्या प्रचारातले तिचे बूट बघण्यासारखे आहेत, तिनेच फोटो टाकला होता, तळवा झिजून भोक पडलेलं, आणि पुढे कॉर्नेल युनिव्हर्सिटीने ते बूट एका प्रदर्शनात मांडले.

निकालानंतर आठवडासुद्धा झाला नसेल, पहिला वाद सुरू झाला. एका उजव्या चॅनेलवाल्याने यॉर्कटाउनच्या घराचा फोटो टाकला आणि म्हणाला ही कसली ब्रॉन्क्सची, ही तर चांगल्या वस्तीत वाढलेली. मग नोव्हेंबरमध्ये ती म्हणाली की जानेवारीत पगार सुरू होईपर्यंत वॉशिंग्टनमध्ये भाड्याचं घर परवडणार नाही, त्यावर टीव्हीवर हसले. त्याच महिन्यात एका पत्रकाराने तिचा पाठमोरा फोटो टाकला, काळं जॅकेट, हातात कोट, आणि लिहिलं की हे कपडे काही कष्टात दिवस काढणाऱ्या मुलीचे वाटत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये ती शपथ घेतेय तोवर कॉलेजातला गच्चीवरचा नाचाचा जुना व्हिडिओ बाहेर काढला, बदनामी व्हावी म्हणून, पण लोकांना तो आवडलाच, आणि तिने आपल्या ऑफिसच्या दारात नाचून दुसरा व्हिडिओ टाकला.

माझं म्हणणं असं की हे वाद राजकारणाचे नव्हतेच. हे "तू इथे कशी आलीस" याचे वाद होते. गरीब म्हणाली तर खोटारडी, चांगले कपडे घातले तर ढोंगी, म्हणजे काहीही केलं तरी फसलीच. आणि याचा सगळ्यात मोठा तोटा असा झाला की जिथे खरंच तिचं चुकलं होतं तिथे सरळ प्रश्न विचारणं अवघड होऊन बसलं, कारण विचारणारा लगेच त्या कपडे मोजणाऱ्यांच्या रांगेत धरला जायचा.

आणि चुका झाल्यात. डिसेंबर २०१८ मध्ये तिने ट्वीट केलं की पेंटॅगॉनच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या, २१ लाख कोटी डॉलरच्या व्यवहारांचा हिशोब लागत नाही, तेवढ्यात सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा द्यायच्या योजनेचा दोन तृतीयांश खर्च निघाला असता. मुळात तो आकडा म्हणजे पैसे नव्हतेच, वर्षानुवर्षांच्या जमाखर्चातल्या दुरुस्त्या होत्या, एकच रक्कम इकडून तिकडे फिरताना पुन्हा पुन्हा मोजलेली, तेवढे पैसे तर त्या काळात पेंटॅगॉनला मिळालेलेच नव्हते. वॉशिंग्टन पोस्टच्या फॅक्ट चेकवाल्यांनी तिला खोटेपणाचा सगळ्यात वरचा शेरा दिला. ६ जानेवारी २०१९ च्या टीव्ही मुलाखतीत पत्रकार अँडरसन कूपरने यावर विचारलं तर तिचं उत्तर साधारण असं होतं की लोकांना आकड्याच्या अचूकपणाचीच जास्त काळजी असते, नैतिकदृष्ट्या बरोबर असण्याची कमी. मला हे उत्तर आजही पटत नाही. गरिबांच्या बाजूने बोलणाऱ्याचा आकडा तर जास्त पक्का पाहिजे.

त्याच मुलाखतीत ७० टक्के टॅक्सचा मुद्दा आला आणि तिथे मात्र तिच्यावर अन्याय झाला. ती म्हणत होती की वर्षाला १ कोटी डॉलरच्या वर जे उत्पन्न असेल त्या वरच्या भागावर ७० टक्के दर लावता येईल. लोकांनी ऐकलं "सरकार तुमच्या शंभरातले सत्तर नेणार". आपल्याकडेही स्लॅब असतात, प्रत्येक टप्प्याला वेगळा दर, तसंच आहे ते. आणि कल्पनाही नवी नाही, आयसेनहॉवरच्या काळात अमेरिकेत वरचा दर ९१ टक्के होता आणि रेगनच्या आधीपर्यंत ७० टक्केच होता.

ग्रीन न्यू डील, म्हणजे हवामान बदल रोखायचा तिचा आराखडा, ७ फेब्रुवारी २०१९ ला आली, सिनेटर एड मार्कीबरोबर. ठराव फक्त १४ पानांचा, कायदा नाही, नुसती दिशा. पण त्याच दिवशी तिच्या ऑफिसने वेबसाइटवर प्रश्नोत्तरांचं एक कागदपत्र टाकलं आणि त्यात लिहिलं होतं की पादणाऱ्या गाई आणि विमानं दहा वर्षांत पूर्णपणे बंद करता येतील अशी खात्री नाही, आणि एका ठिकाणी काम करायची इच्छा नसलेल्यांनाही आर्थिक सुरक्षा, असं. ऑफिसने ते काढून टाकलं, चुकून कच्चा मसुदा गेला म्हणाले, पण तोवर सगळीकडे पसरलं होतं. मूळ ठरावात गाईंचं काही नव्हतं पण आता कोण वाचतंय. मार्चमध्ये रिपब्लिकनांचा सिनेटमधला नेता मॅककॉनेल याने मुद्दाम तो सिनेटमध्ये मतदानाला आणला, ५७ विरुद्ध शून्य असा पडला, ४३ डेमोक्रॅट नुसते "हजर" म्हणून बसले, म्हणजे ना बाजूने ना विरोधात. एका ढिसाळ कागदाने केवढं नुकसान केलं बघा, हवामानावरचा इतका महत्त्वाचा विषय आणि लोकांच्या लक्षात राहिल्या गाई.

अ‍ॅमेझॉनचं थोडक्यात सांगतो. क्वीन्समध्ये त्यांचं मोठं ऑफिस येणार होतं, २५ हजार नोकऱ्या, बदल्यात सुमारे ३०० कोटी डॉलरच्या सवलती. स्थानिक लोकांबरोबर एओसीनेही विरोध केला, १४ फेब्रुवारी २०१९ ला कंपनीने माघार घेतली. विरोध करणं बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, पण ते पैसे आता शिक्षकांवर खर्च करा असं तिचं बोलणं चुकीचं होतं, कारण ते पैसे तिजोरीत पडलेले नव्हते, बहुतेक भाग पुढे यायच्या टॅक्समधली सूट होती.

२०१९ चा जुलै तर विसरण्यासारखा नाही. मेक्सिको सीमेवरच्या ४६० कोटी डॉलरच्या खर्चाच्या बिलावरून स्पीकर नॅन्सी पेलोसी आणि चार नव्या खासदार, एओसी, इल्हान ओमर, रशिदा तलेब आणि अयाना प्रेस्ली, यांच्यात खुलं भांडण चालू होतं. एओसीचा चीफ ऑफ स्टाफ सैकत चक्रवर्ती, बंगाली, त्याने आपल्याच पक्षातल्या मवाळ लोकांवर जहरी ट्वीट केलं, आणि मग त्याचा एक व्हिडिओ निघाला ज्यात त्याने सुभाषचंद्र बोसांचा टी-शर्ट घातलेला. आपल्याकडे नेताजींचा फोटो शाळेच्या भिंतीवर असतो, तिकडे एकदम "हिटलरला भेटलेला माणूस" एवढीच ओळख. मला वाचताना फार वाईट वाटलं होतं, पण त्यांच्या बाजूने बघितलं तर तेही समजतं, ज्यांचे नातेवाईक छळछावणीत मेले त्यांना तो फोटो आपल्यासारखा कसा दिसेल. चक्रवर्ती ऑगस्टमध्ये तिथून बाहेर पडला.

हे चालू असतानाच १४ जुलैला ट्रम्पने ट्वीट केलं की या बायकांनी आपापल्या मोडकळलेल्या देशांत परत जावं. चौघींपैकी तिघी अमेरिकेतच जन्मलेल्या. दोन दिवसांनी हाऊसने २४० विरुद्ध १८७ मतांनी निषेधाचा ठराव केला, आणि पेलोसीला त्यांच्या बाजूने उभं राहावं लागलं.

एक प्रसंग मात्र सावकाश सांगायला हवा. २० जुलै २०२०, कॅपिटॉलच्या पायऱ्या. एओसी मतदानाला वर चढतेय आणि फ्लोरिडाचा रिपब्लिकन खासदार टेड योहो उतरतोय. बेकारी आणि गरिबीमुळे गुन्हे वाढतात, लोक पोरांच्या पोटासाठी पाव चोरतात असं ती काही दिवस आधी म्हणाली होती, त्यावरून तो तिच्या तोंडावर बोट नाचवून "डिस्गस्टिंग" म्हणाला, डोकं फिरलंय तुझं म्हणाला, आणि पुढे जाताना अगदी घाणेरडी शिवी. जवळच एका पेपरचा रिपोर्टर होता, त्याने ऐकली. योहोने सभागृहात उभं राहून सांगितलं की मला बायको आणि दोन मुली आहेत, मी असं बोललोच नाही. २३ तारखेला एओसी उभी राहिली आणि ती शिवी जशीच्या तशी सभागृहात उच्चारली, रेकॉर्डवर यावी म्हणून. ती म्हणाली की हे शब्द मला नवीन नाहीत, मी हॉटेलात काम केलंय, सबवेने फिरलेय. मग म्हणाली की मी योहोंच्या धाकट्या मुलीपेक्षाही दोन वर्षांनी लहान आहे, मीही कोणाचीतरी मुलगी आहे. आवाज चढवला नाही. ते भाषण मी दोनतीनदा ऐकलंय आणि दर वेळी घशात काहीतरी अडकतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका खासदाराने, पॉल गोसारने, तिला मारतोय असा कार्टून व्हिडिओ टाकला, त्याच्यावर २२३ विरुद्ध २०७ मतांनी निंदेचा ठराव झाला.

सप्टेंबर २०२१ मध्ये दोन गोष्टी दहा दिवसांत घडल्या. १३ ला मेट गाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमसाठी पैसे जमवायची फॅशन पार्टी, "टॅक्स द रिच" लिहिलेला ड्रेस, हजारो डॉलरचं तिकीट असलेल्या पार्टीत, म्हणजे डावे उजवे दोघेही चिडले. आणि २३ ला इस्रायलच्या आयर्न डोम या क्षेपणास्त्र रोखणाऱ्या यंत्रणेसाठी १०० कोटी डॉलरवर मतदान. ती विरोधात होती, शेवटच्या क्षणी मत बदलून "हजर" केलं आणि सभागृहातच रडली. ४२० विरुद्ध ९. ड्रेसपेक्षा हे मत मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण इथून तिच्या स्वतःच्या माणसांचा विश्वास तुटायला लागला. पुढे २०२२ मध्ये रेल्वे कामगारांचा संप रोखणाऱ्या ठरावाला तिने मत दिलं तेव्हाही डेमोक्रॅटिक सोशलिस्ट, म्हणजे डीएसए संघटनेतले लोक तुटून पडले.

याच डीएसएशी एक मराठी धागा आहे. मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार, डेट्रॉइटचे खासदार, तेही या संघटनेचे सदस्य होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कला पॅलेस्टाइनच्या बाजूने जी रॅली झाली तिच्यावरून त्यांनी सदस्यत्वच सोडलं. एओसीने त्याच रॅलीवर कडक टीका केली पण संघटना सोडली नाही, मार्च २०२४ मध्ये सभागृहात गाझाबद्दल नरसंहार हा शब्द वापरला, आणि तरीही त्या जुलैमध्ये डीएसएच्या राष्ट्रीय कमिटीने तिचा पाठिंबा काढला.

मग २०२५ चा जुलै. १८ तारखेला इस्रायलच्या क्षेपणास्त्र बचावाचे ५० कोटी डॉलर कापायची दुरुस्ती आली, आणली रिपब्लिकन मार्जोरी टेलर ग्रीनने, पडली ६ विरुद्ध ४२२ अशी. एओसीने दुरुस्तीच्या विरोधात मत दिलं, म्हणाली ही बचावाची सामग्री आहे, मात्र संरक्षण खर्चाच्या मुख्य बिलालाही तिने विरोधच केला. तीन दिवसांत ब्रॉन्क्समधल्या तिच्या प्रचार ऑफिसवर कोणीतरी लाल रंग फेकला आणि गाझाच्या नावाचा बोर्ड लावून गेले. आणि त्याच आठवड्यात हाऊसच्या एथिक्स कमिटीचा त्या ड्रेसवरचा निकाल आला, जवळपास चार वर्षांनी, की मुद्दाम लबाडी केल्याचा पुरावा नाही पण ड्रेसचं भाडं आणि बाकी खर्च कमी दिला गेला, जोडीदाराचा फुकट प्रवेशही नियमात बसत नव्हता, तर अजून २७३३ डॉलर २८ सेंट भरा आणि त्या दिवशीच्या जोडीदाराच्या जेवणाचे २५० डॉलर म्युझियमला द्या. बऱ्याच बातम्यांत ड्रेसच्या बिलाचा आकडा ठळक होता, ब्रॉन्क्सच्या दारावरचा रंग खाली एका ओळीत.