इंजिनावर सामान : चँपियन ५०० जी कोम्बीची पार्श्वभूमी

१९४८ च्या चलनबदलानंतर पश्चिम जर्मनीत लोकांच्या हाती पुन्हा पैसा खेळू लागला, पण मोटार अजून दूरच होती. मोटारसायकलवर भिजत कामाला जाणाऱ्यांना निदान डोक्यावर छप्पर हवे होते. बीएमडब्ल्यूत काम केलेले अभियंते हेरमान होलबाइन यांनी हीच गरज हेरली. गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफ कंपनीने आखलेली चिमुकली गाडी त्यांनी हाती घेतली आणि उल्मजवळच्या हेरलिंगेन गावात तिला आकार दिला. नाव ठेवले चँपियन. तिचाच एक पुढचा अवतार म्हणजे ५०० जी कोम्बी, मागे सामानाला जागा असलेली स्टेशन वॅगन.

१९५१ पासून पाडरबोर्नच्या कारखान्यात चँपियन ४०० बनू लागली. दोन माणसांची गाडी, कापडी छत, मागच्या बाजूला सुमारे ४०० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन. गाडी देखणी होती, भांडवल तुटपुंजे होते. १९५२ मध्येच कंपनी बुडाली. मग लुडविग्सहाफेनच्या हेनह्योफर यांनी ती उचलली आणि इंजिन हाइंकेलचे बसवले. युद्धानंतर विमाने बनवायला बंदी आल्यामुळे हाइंकेल तेव्हा छोटी इंजिने बनवत होती. लवकरच मालक पुन्हा बदलला.

या धावपळीतच ५०० जी कोम्बी जन्मली. बायकामुले असलेल्याला, दुकानदाराला दोन आसनांची गाडी पुरेना. म्हणून मागचा भाग वाढवून चार आसने आणि सामानाची जागा केली, ४५२ सीसीचे इंजिन बसवले. वाढीव भागाचा सांगाडा लाकडी होता. पत्र्याचे साचे महाग, सुतारकाम त्या मानाने स्वस्त. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या सुरुवातीच्या स्टेशन वॅगनमध्येही लाकूडच होते.

खरी अडचण इंजिनाच्या जागेची होती, असे मला वाटते. ब्रेमेनच्या लॉइडचे इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना, त्यामुळे तिच्या स्टेशन वॅगनला मागे सपाट, खालच्या पातळीचा तळ मिळाला. चँपियनमध्ये पोती ठेवायची ती इंजिनाच्या वर. जिथे जागा हवी तिथेच यंत्र बसलेले! तरीही अपुऱ्या पैशांत कुटुंबाची गाडी उभी करण्याची ती धडपड मला फार मोलाची वाटते.

१९५५ मध्ये हा सगळा पसारा मोटारसायकली बनवणाऱ्या मायकोकडे गेला. तोवर फोक्सवॅगनची साधी बीटल ४००० मार्कांच्या आत मिळू लागली होती. कोम्बी मोजक्याच निघाल्या. मायकोने मग चार आसनांच्या सलूनवर, म्हणजे बंद मोटारीवर, भर दिला आणि १९५८ मध्ये मोटारी सोडून ती पुन्हा दुचाकींकडे वळली.