खिडकीचे कोपरे उन्हात सुटतात म्हणे!

"प्लास्टिकच्या खिडकीचे कोपरे नुसते गोंदाने चिकटवलेले असतात, उन्हाळ्यात सुटतात" हा फॉरवर्ड कधीचा फिरतोय. इंदूरला मे महिन्यात पारा 42 पर्यंत जातो, त्यामुळे कोणालाही खरंच वाटेल.

पण यूपीव्हीसीचे (म्हणजे या खिडक्यांच्या कडक प्लास्टिकचे) कोपरे सहसा वेल्ड करतात. पट्टी 45 अंशात कापायची, दोन्ही तोंडं साधारण 250 डिग्रीच्या तापलेल्या प्लेटला टेकवायची, प्लास्टिक वितळलं की प्लेट काढून दोन्ही एकमेकांवर दाबून धरायचं, थंड झालं की एकच तुकडा. मग उन्हात सुटणार काय, तिथे गोंदच नाही!

काही जण म्हणतात इंडक्शनने जोडतात, शेगडीसारखं. तसंही जोडता येतं, पण त्यात प्लास्टिक स्वतः तापत नाही, त्यातून वीज वाहतच नाही ना, म्हणून सांध्यात धातूची जाळी किंवा लोखंडाचे कण घालतात, ते तापून आजूबाजूचं प्लास्टिक वितळवतात आणि मग आतच राहतात. पटत नसेल तर थंड इंडक्शनवर रिकामा प्लास्टिकचा डबा ठेवून बघा, शेगडी 'भांडं नाही' म्हणून बंद होईल.

दुकानात सॅम्पल कोपरा मागा. बाहेर तिरकी बारीक रेघ आणि खरवडल्याची खूण दिसेल, आतल्या कप्प्यात मात्र वितळून वर आलेली प्लास्टिकची कड तशीच असते. स्क्रूने जोडलेल्या फ्रेमपण मिळतात, त्यात ही कड नसते. वेल्ड केलेला कोपरा खरंच उघडला असेल, तर प्लेट नीट तापली नव्हती किंवा दाब कमी पडला असं असू शकतं, तेव्हा विचारायचं ते बनवणाऱ्याला.