सोडलेला मासा जगतो का?

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या बाजूने आत शिरलेल्या प्युजेट साउंड या समुद्री पट्ट्यात कोहो सॅमन येऊ लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चम सॅमनची पाळी. दोघेही अंडी घालायला आपापल्या जन्मनदीकडे निघालेले असतात आणि वाटेत किनाऱ्यालगत गळ टाकून बसलेल्या हौशी मच्छीमारांना सापडतात. याच पाण्याच्या तळाशी, खडकांच्या कपारीत रॉकफिश राहतात. सॅमनसाठी खोल सोडलेल्या गळाला कधीकधी तेही लागतात.

नको असलेला मासा गळातून सोडवून पाण्यात टाकला की तो वाचला, असं आपण धरून चालतो. सॅमनच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. रॉकफिशच्या बाबतीत मुळीच नाही. याचं कारण त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीत, म्हणजे वाताशयात आहे. आपल्याकडे घोळ मासा लाखमोलाचा ठरतो तो याच अवयवामुळे.

मासा पाण्यात बुडत नाही आणि तरंगतही वर येत नाही, ही करामत वाताशयाची. सॅमनमध्ये ही पिशवी एका नळीने अन्ननलिकेला जोडलेली असते. वर येताना जास्तीची हवा तो तोंडावाटे सोडून देतो. रॉकफिशला ही नळीच नसते. त्याच्या पिशवीतला वायू रक्तातून येतो आणि रक्तातच परत जातो. रक्तवाहिन्यांचं एक दाट जाळं हे काम करतं, पण अगदी सावकाश. रोजच्या जगण्यात एवढा वेग पुरतो, कारण रॉकफिश सहसा आपली कपार सोडून फार लांब जात नाही.

समुद्रात दर 10 मीटर खोलीला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. 40 मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट असतो. तिथून मासा दोन मिनिटांत वर ओढला, तर पिशवीतल्या वायूला पाचपट जागा हवी असते. घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं, तसंच हे, फक्त कितीतरी जास्त प्रमाणात. पिशवी फाटते, डोळे खोबणीतून बाहेर येतात, जठर उलटं होऊन तोंडातून डोकावतं. असा मासा पाण्यात टाकला तरी तो खाली जाऊ शकत नाही. तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या किंवा सीलच्या तोंडी पडतो.

रॉकफिशचं मरण इतकं महागात पडतं ते त्याच्या आयुष्यमानामुळे. कोहो साधारण तीन वर्षं जगतो आणि एकदाच अंडी घालून मरतो. यलोआय रॉकफिश मात्र शंभरी ओलांडतो. कानातल्या हाडासारख्या खड्यावरची वर्तुळं मोजून त्याचं वय काढतात. प्रजननाला तो विशी गाठायच्या सुमारास लागतो. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं सोडते, एका वेळी लाखो. त्यातली फारच थोडी जगतात, म्हणून तिला दशकानुदशकं प्रयत्न करत राहावं लागतं. अशी एक जुनी मादी गेली, तर तिची जागा भरायला माणसाची एक पिढी लागते. विसाव्या शतकात प्युजेट साउंडमध्ये हे मासे बेसुमार पकडले गेले. 2010 मध्ये इथला यलोआय संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आला. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याने इथल्या तळाच्या मासेमारीला 120 फूट खोलीची मर्यादा घातली.

सॅमनचे नियम याहून निराळे. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो. अनेक ठिकाणी तो पर शाबूत असलेला, म्हणजे नदीत आपसूक वाढलेला मासा सोडावा लागतो. त्यासाठी टोकाला उलटा काटा नसलेला गळ वापरायचा आणि माशाला शक्यतो पाण्यातच ठेवून मोकळं करायचं. सॅमनचे खवले सहज निघतात, म्हणून हाताळणी जितकी कमी तितकी बरी.

रॉकफिशला वाचवायचं तर त्याला पुन्हा दाबाखाली न्यावं लागतं. साधन साधं आहे. माशाचा खालचा जबडा चिमट्यात पकडायचा, खाली वजन बांधायचं आणि दोरीने तळाकडे सोडायचं. ठरलेल्या खोलीवर चिमटा दाबामुळे आपोआप उघडतो. तोवर वायू आकसलेला असतो, जठर जागेवर जातं, डोळेही आत बसतात. फुगलेल्या माशाला सुई टोचून हवा काढायचीही पद्धत आहे, पण अनोळखी हातात ती सुई सहज भलत्याच अवयवात घुसते. मला चिमटाच शहाणपणाचा वाटतो. अलास्कात तर 2020 पासून समुद्रात हौशी मासेमारी करणाऱ्या प्रत्येक होडीवर असं साधन ठेवणं सक्तीचं आहे. तिथल्याच प्रिन्स विल्यम साउंडमध्ये अशा रीतीने खाली सोडलेल्या यलोआय माद्या एक-दोन वर्षांनी पुन्हा पकडल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या पोटात वाढणारी पिल्लं आढळली.