खवलचोर

खवलचोर हा कृष्णा खोऱ्यातील नद्यांत आढळणारा एक लहान मार्जारमीन (कॅटफिश) असून त्याचे शास्त्रीय नाव ‘पॅकिप्टेरस खवलचोर’ असे आहे. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले उपटून खाणे ही त्याची खासियत. त्याच्या स्वतःच्या अंगावर मात्र, इतर मार्जारमीनांप्रमाणेच, एकही खवला नसतो. आकाराने तो वीतभराहून लहान असल्यामुळे बाजारात किरकोळ मासळीच्या वाट्यात मिसळून जातो आणि खाणाऱ्यांच्याच नव्हे, तर अभ्यासकांच्याही नजरेतून सहज निसटतो.

कोल्हापूरजवळच्या पंचगंगेतील नमुन्यांवरून मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली या जातीचे वर्णन केले आणि तिच्यासाठी ‘निओट्रोपिअस’ ही नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, उभी केली. पुढे ही जाती ‘पॅकिप्टेरस’ या जुन्या प्रजातीत गेली. म्हणूनच, प्रजाती बदलल्याची खूण म्हणून, आता जातीच्या नावापुढे त्यांचे आडनाव आणि साल कंसात लिहितात. प्रजाती बदलली तरी ‘खवलचोर’ हा मराठी शब्द अक्षरही न बदलता टिकून राहिला. दख्खनच्या माशांच्या बाबतीत ही परंपरा जुनी आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल सायक्स यांनी १८३९ साली येथील मासे नोंदवताना सिंघाला, गोगरा, ताकरी अशी येथलीच नावे रोमन लिपीत उतरवून शास्त्राच्या स्वाधीन केली होती, आणि ती आजही वापरात आहेत.

ओळख पटवण्यासाठी मासा आडवा ठेवून आधी त्याच्या पाठीकडे पाहावे. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असते. पाठीवरचा पर आखूड असून त्याच्या पुढच्या कडेला काटा असतो. त्याच्या मागे, शेपटीच्या जवळ, अरे, म्हणजे पराला आधार देणाऱ्या काड्या, नसलेला छोटासा मांसल पर असतो, ज्याला वसापर म्हणतात. पोटाकडे गुदद्वाराच्या मागून निघणारा पर, म्हणजे गुदपर, लांबलचक असतो आणि शेपटी दुभंगलेली असते. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात: एक नाकपुडीपाशी, एक वरच्या जबड्याशी आणि दोन हनुवटीवर. या मिशा पातळ असल्याने वाळलेल्या किंवा जाळ्यात घासलेल्या माशात त्या तुटून जातात. तेव्हा एखादी जोडी दिसली नाही म्हणून ती मुळातच नव्हती असे न धरता, तुटलेले बुंधे भिंगाखाली शोधावे लागतात.

एवढ्या खुणांवर बरेचसे मासे बाजूला काढता येतात. शेंगाळ्याचा वसापर मोठा आणि गुदपर आखूड असतो. ओम्पॉक या मार्जारमीनाला वसापरच नसतो आणि त्याच्या पाठीवरच्या इवल्याशा परात काटाही नसतो. शिवड्याचा गुदपर लांब असला, तरी वसापर त्यालाही नसतो आणि मिशांच्या जोड्या दोनच असतात. खरी अडचण येते ती ताकरीच्या पिलांमुळे. तीही चपटी, चार जोड मिशांची आणि लांब गुदपराची असतात. येथे नुसत्या डोळ्यांचा अंदाज पुरत नाही: गुदपराचे अरे मोजणे, जबड्यांवरील आणि टाळूवरील बारीक दातांचे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आणि खात्रीच्या नमुन्याशेजारी ठेवून ताडून पाहणे आवश्यक ठरते. पेशींतील डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून केलेली तुलना उपयोगी पडते, पण तुलनेसाठी वापरलेला मूळ नमुनाच चुकीच्या नावाने नोंदला गेला असेल, तर ती चूकच पुढे चालू राहते.

पोटातील अन्न हा पुष्टी देणारा पुरावा असतो. खवलचोराच्या आतड्यात कीटकांबरोबर इतर माशांचे खवले सापडतात. ते काचपट्टीवर पसरले की झाडाच्या खोडातील वलयांसारख्या रेषा दिसतात. उपटलेल्या खवल्याच्या जागी माशाला नवा खवला येतो, परंतु त्याचा मधला भाग वलयांविना धूसर राहतो. अंगावर असे धूसर खवले पुष्कळ असलेला मासा पूर्वी खवले गमावून बसला होता, एवढे त्यावरून निश्चित होते. ते कोणी काढले हे मात्र सांगता येत नाही, कारण आपल्या नद्यांतील ‘चंदा नामा’ हा काचेसारखा पारदर्शक मासाही खवले खातो आणि जाळ्याच्या घर्षणानेही ते निघतात.

खवलेखाऊपणा जगातल्या थोड्याच मत्स्यकुलांत, पण एकमेकांपासून स्वतंत्रपणे उद्भवला आहे. आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरातील ‘पेरिसोडस’ मासे यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी काहींचे तोंड डावीकडे, तर काहींचे उजवीकडे वळलेले असते आणि त्यानुसार ते भक्ष्याची एकच बाजू साधतात. त्यांच्यावर जितके लिहिले गेले, त्या मानाने आपल्या पंचगंगेतील या माशाकडे फारच थोडे लक्ष गेले आहे, हे खेदाने नमूद करावे लागते.

नमुना जतन करण्यापूर्वी ताज्या माशाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, कारण फॉर्मलिनमध्ये मूळ रंग टिकत नाही. डीएनएसाठी लागणारा मांसाचा किंवा पराचा तुकडाही आधीच कापून मद्यार्कात वेगळा ठेवावा. चिठ्ठीवर केवळ ‘पंचगंगा’ असे लिहून भागत नाही. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत ही नदी अनेक बंधाऱ्यांनी अडवलेली आहे, आणि वाटेत तिच्यात शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणी मिसळते. म्हणून मासा कोणत्या गावाच्या हद्दीत, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, वाहत्या पाण्यात की डोहात आणि कोणत्या तारखेला मिळाला, हे त्याच दिवशी, पाण्याने न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावे लागते.