जळक्या दाण्याची साक्ष

शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान् पिढ्यांची चुलीतली राख आणि पडक्या भिंतींची माती मुरून जुन्या गावठाणाला हा रंग येतो. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला घोड नदीकाठी अशीच जुनी पांढर होती. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांचं अख्खं गाव उजेडात आलं. घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलंही तिथे सापडली.

मला मात्र सगळ्यांत मोलाचे वाटतात ते जळके दाणे. जव, मसूर, कुळीथ. एरवी धान्य मातीत कुजून जातं. पण चुलीजवळ सांडून करपलेल्या दाण्याचा कोळसा होतो आणि कोळशाला जिवाणू खात नाहीत. असे दाणे मिळवायची रीत अगदी साधी आहे. माती पाण्यात ढवळायची. जड खडे तळाशी बसतात, हलके दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीने गाळून सावलीत वाळवायचे.

दाण्यावरून पीक कळतं, शिवाय काळही कळतो. रोप जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत राहतं. त्यात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अगदी अल्प असतो. रोप मेलं की ही आवक थांबते आणि साठलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. किती उरला ते मोजायचं, झाडांच्या खोडात दरवर्षी वाढणाऱ्या वलयांच्या नोंदीशी ताडायचं, की काळ हाती येतो. इनामगावची वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली.

मग लाकडाचा कोळसाच का मोजू नये? मोजतात, पण त्यात एक गोम आहे. घराचं आढं जुन्या झाडाचं असेल, तर त्याच्या गाभ्यातलं लाकूड घर बांधण्याच्या कितीतरी आधीच तयार झालेलं असतं, म्हणून घर आहे त्याहून जुनं ठरतं. जवाचा दाणा एका हंगामाचा, त्यामुळे त्याची तारीख त्याच हंगामाची.

पूर्वी एका मोजणीला काही ग्रॅम कार्बन लागे. म्हणजे मूठभर दाणे कायमचे गमवावे लागत. आता त्वरकयंत्रावर, म्हणजे अणूंना प्रचंड वेग देऊन कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या यंत्रावर, काही मिलिग्रॅममध्ये, एका दाण्यावर भागतं. उद्या आणखी कमीत भागेल. म्हणूनच जाणते उत्खनक सगळी पांढर कधीच उकरत नाहीत; तिचा काही भाग पुढच्यांसाठी न खणता ठेवतात.