समन्यायी पाणीवाटप (येरळाखोरे व माणदेश)

समन्यायी पाणीवाटप : पाण्यावरचा हक्क जमिनीच्या मालकीशी न जोडता माणसाशी, म्हणजे व्यवहारात कुटुंबाशी, जोडणारी आणि पाणी कमी पडेल तेव्हा ती तूट सर्वांनी सारख्या प्रमाणात सोसायची असे मानणारी वाटपाची पद्धत. रूढ पद्धतीत ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, ज्याचे शेत कालव्याच्या तोंडाशी त्याला पाणी आधी, आणि ज्याला जमीनच नाही त्याला काहीच नाही. समन्यायी वाटपात भूमिहीन कुटुंबाचाही पाण्यात वाटा असतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांत 1980च्या दशकापासून हा विचार चळवळ म्हणून वाढला. हवामानबदलाच्या काळात टिकून राहणे कशाला म्हणायचे, या प्रश्नाचे या भागातून आलेले सर्वांत विचारपूर्ण उत्तर म्हणून त्याकडे पाहता येते.

महाबळेश्वरला वर्षाला सुमारे 6,000 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे शे-सव्वाशे किलोमीटरवर माण, खटाव, आटपाडी या तालुक्यांत तो 500 मिलिमीटरच्या आसपास येतो, कित्येक वर्षी तेवढाही पडत नाही. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि पुढच्या मुरमाड माळांना उरलेसुरले मिळते. येरळा नदी या कोरड्या पट्ट्यातली. ती खटाव तालुक्याच्या उत्तर भागात उगम पावते, वडूजवरून सांगली जिल्ह्यात उतरते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वरच्या अंगाला टँकर आणि चारा छावण्या, संगमाला महापूर, अशी तिची दोन टोके आहेत. समन्यायी वाटपाची चर्चा या दोन्ही टोकांना लावून पाहावी लागते.

या भागातल्या माणसांनी दुष्काळात तग कसा धरला, हे आधी पाहायला हवे. शाळू आणि बाजरी ही कमी पाण्यावर येणारी पिके, काटक खिलार जनावर, पावसाच्या मागे फिरणारी धनगरांची मेंढरे, उतारावरची माती अडवणाऱ्या ताली, ही सगळी पिढ्यांची कमाई होती. पण शेती पुरत नव्हती. खानापूर-आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळण्याचा गलाई व्यवसाय घेऊन देशभर पांगली, असंख्य घरांतला एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत गेला. याला लवचीकपणा म्हणून गौरवण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. ते अर्धेच खरे आहे. गाव टिकले ते गावातली माणसे गाव सोडून गेली म्हणून. जिथे टिकण्याची किंमत कायम त्याच घरांनी चुकवायची असते, तिथे तग धरण्याचे कौतुक करण्यापूर्वी तो कुणाच्या जिवावर धरला हे विचारले पाहिजे. समन्यायी वाटपाची सुरुवात याच प्रश्नापासून होते.

या विचाराला स्थानिक पूर्वपीठिका आहे. महात्मा फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. फुल्यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तळी-बंधारे बांधून पावसाचे पाणी आणि सुपीक माती शिवारातच अडवण्याची, त्यासाठी लष्कर-पोलिसांचे मनुष्यबळ वापरण्याची सूचना केली होती. पुढे वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर इथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. 1972च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. दुष्काळात माणूस दयेवर नव्हे, हक्कावर जगला पाहिजे, ही कल्पना इथल्या मातीत तेव्हाच रुजली. मात्र रोजगार हमीवरचा मजूर खडी फोडत राहिला. ज्या दुष्काळामुळे त्याच्यावर ही वेळ आली, त्या दुष्काळाच्या मुळाशी असलेले पाणी त्याच्या हक्काच्या यादीत नव्हते. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगाव इथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. कुटुंबातील माणसे मोजून पाणी, भूमिहीनांना वाटा, पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही, आणि उसाला बंदी, हे तिचे नियम. समन्यायी वाटपाचा हा पहिला स्पष्ट आराखडा.

बळीराजा धरण : 1982च्या गिरणी संपानंतर अनेक कामगार खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावी परतले. गावात दुष्काळ होता. मुंबईत संघटनेची सवय झालेली ही माणसे आणि गावातले शेतकरी, शेतमजूर यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. कासेगावचे कार्यकर्ते डॉ. भारत पाटणकर आणि समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट यांचा तिच्या वैचारिक घडणीत मोठा वाटा होता. दुष्काळ हा निव्वळ पाऊस न पडल्याने येतो का, हा प्रश्न चळवळीने लोकांसमोर ठेवला. लोक येरळेच्या पात्रात उतरून पाहू लागले तेव्हा त्यांना दिसले की नदीची वाळू ट्रकांनी जात आहे. वाळू म्हणजे नदीची साठवण. पावसाळ्यात तिच्यात मुरलेले पाणी पुढे कितीतरी महिने झिरपत राहते आणि काठच्या विहिरी भरलेल्या राहतात. वाळू उपसली की पाऊस पडूनही विहीर कोरडी. दुष्काळाचा काही भाग आभाळातून येतो आणि काही भाग वाळूच्या लिलावातून, हे त्यातून उघड झाले.

बलवडी आणि तांदुळवाडी या येरळेकाठच्या गावांनी मग वेगळी मागणी केली : वाळूवर पहिला हक्क गावाचा. तिचा मर्यादित भाग गावानेच विकायचा आणि त्या पैशातून नदीवर छोटे धरण बांधायचे. अभियंता के. आर. दाते यांनी तांत्रिक बाजू सांभाळली. सरकारी परवानगी सहज मिळाली नाही. त्यासाठी बराच काळ झगडावे लागले. श्रमदान, वाळूचे उत्पन्न आणि बाहेरून मिळालेली मदत यांवर 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात धरण उभे राहिले. त्याला नाव दिले बळीराजाचे. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे दिवाळीत ओवाळताना म्हणणाऱ्या घरांना या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. धरणाचे पाणी कुटुंबागणिक सारखे वाटायचे, जमीन नसलेल्या कुटुंबालाही तेवढाच वाटा द्यायचा आणि ऊस लावायचा नाही, असे ठरले. भूमिहीनाने आपल्या वाट्याचे पाणी दुसऱ्याच्या जमिनीवर, खंडाने किंवा वाट्याने, वापरायचे. इथे पाणी ही भूमिहीनाच्या हातातली पहिली मालमत्ता झाली. धरण लहान होते, पण तत्त्वाची उडी मोठी होती. शेकडो वर्षे जमिनीच्या मागे चालत आलेले पाणी तिथे प्रथमच माणसाच्या मागे चालू लागले.

वाळू विकून धरण बांधण्यात एक अडचण आहे आणि ती झाकू नये. जी वस्तू पाणी धरून ठेवते तीच विकून पाणी अडवायचे, हा आतला विरोध आहे. चळवळीचे उत्तर प्रमाणाचे होते : नदी दर पुरात जेवढी वाळू आणून टाकते, तिच्या मर्यादेत राहा. निसर्गाच्या व्याजावर जगा, मुदलाला हात लावू नका. सावकारी पाहिलेल्या गावांना हे गणित लगेच कळते.

भाग आणि भागणे : समन्यायी वाटपामागचा विचार मराठीतल्या एका क्रियापदात जवळजवळ पूर्ण सापडतो. ‘यंदा भागलं’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याला पुरले, निभावले असे म्हणायचे असते. गणितात मात्र भागणे म्हणजे वाटे करणे. पुरणे आणि वाटणे एकाच शब्दात नांदतात. ‘शाश्वत’ हा सरकारी कागदांतला शब्द कायम टिकण्याचा दावा करतो. माणदेशात कायमचे काही नसते, पाऊस तर नाहीच. भागणे मात्र दरवर्षी नव्याने साधावे लागते आणि त्यासाठी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : पुरेसे किती, आणि वाटेकरी कोण. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या प्रश्नाला अभियंत्याच्या शिस्तीने हात घातला. एका कुटुंबाला धान्य, चारा, सरपण आणि थोडे रोख उत्पन्न मिळण्यासाठी किती पाणी लागेल, याचा हिशेब त्यांनी मांडला. आधी प्रत्येकाच्या जगण्यापुरते, मग उरेल त्यातून नफ्याच्या पिकाला, हा त्याचा क्रम. सुबत्तेला विरोध नाही. सुबत्तेचा नंबर दुसरा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक अवघड ठरले. वाटा कुटुंबाला दिला तर कुटुंबात तो कुणाच्या नावे? नवऱ्याने टाकलेल्या बाईचे कुटुंब कोणते? सांगली जिल्ह्यात याच चळवळीबरोबर परित्यक्ता स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. तो आजही पुरता सुटलेला नाही.

तुटीचा प्रश्न : हवामानबदलाने या विचाराला नवी धार आली आहे. कृष्णेच्या पाण्याचे राज्याराज्यांत वाटप करताना बच्छावत लवादाने 75 टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे 2,060 टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), आकडा धरला आणि महाराष्ट्राला 560 टीएमसी दिले. 75 टक्के विश्वासार्हता याचा अर्थ शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षे निदान एवढे पाणी येईल. उरलेल्या पंचवीस वर्षांचे काय? धरणाच्या नकाशात त्या पंचवीस वर्षांना जागा नसते. ती कुणाच्या तरी शेतात येऊन पडतात. आजवर ती टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या, जिरायतदाराच्या आणि भूमिहीनाच्या वाट्याला आली. शिवाय हा हिशेब मागच्या पावसाच्या नोंदींवर उभा आहे. पाऊस पूर्वीसारखा पडेल, या गृहीतावर आता विसंबता येत नाही. महिनाभर खंड आणि मग चार दिवसांत महिन्याचा पाऊस, असे होऊ लागले की सरासरी जागेवर राहते आणि शेत बुडते किंवा वाळते. अशा वेळी सर्वांत महत्त्वाचा नियम भरलेल्या धरणाच्या वाटपाचा नसून अर्ध्या भरलेल्या धरणाच्या वाटपाचा असतो. महाराष्ट्राच्या 2005च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने टंचाईत खोऱ्यातल्या धरणांनी तूट समप्रमाणात सोसण्याचे तत्त्व मान्य केले. मात्र भूमिहीनाच्या हक्कापर्यंत कायदा पोहोचला नाही.

1993 मध्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीला पाणी परिषद भरली. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील 13 दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी समन्यायाने मिळावे, ही तिची मागणी होती आणि ती पुढे वर्षानुवर्षे लावून धरली गेली. ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात लढलेली माणसे उतारवयात पुन्हा रस्त्यावर उतरली, हे या लढ्याचे वेगळेपण. कऱ्हाडजवळच्या टेंभू योजनेतून टप्प्याटप्प्याने उपसलेले पाणी अखेर आटपाडीपर्यंत पोहोचले. तिथे उघड्या पाटांऐवजी बंदिस्त नळाने पाणी नेऊन ते मोजून सर्व गावांना द्यावे, या आग्रहाला ‘आटपाडी पॅटर्न’ म्हणतात.

या यशाचा ऊर्जेचा हिशेबही मांडला पाहिजे. कोयनेचे पाणी पश्चिमेला कोकणात सोडून वीज तयार होते. लवादाने त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसीची मुभा दिली. इकडे कृष्णेचे पाणी पूर्वेला चढवायला वीजच लागते. म्हणजे एका बाजूला पाणी उतारावरून सोडून वीज मिळवायची आणि दुसऱ्या बाजूला वीज खर्चून पाणी चढावर न्यायचे. असे महागात चढवलेले पाणी माणात किंवा आटपाडीत पोहोचून तिथेही उसालाच जाणार असेल, तर दुष्काळ हटला असे म्हणता येणार नाही, फक्त उसाची हद्द पूर्वेला सरकली. वाळवा, पलूस, मिरज भागात अतिपाण्याने क्षारपड झालेली जमीन या धोक्याची आठवण देते. ऊस हे भाव आणि खरेदी यांची सर्वांत खात्री असलेले पीक, म्हणून शेतकरी तो लावतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. पाण्याचा वाटा ठरवताना कमी पाण्याच्या पिकालाही तशीच खात्री दिली नाही, तर पीकबंदीचे नियम टिकत नाहीत.

महापूर : समन्यायाचा विचार दुष्काळातून जन्मला, त्यामुळे पुरासाठी त्याच्याकडे तयार भाषा नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे, तिथे कृष्णा 57 फुटांवर गेली. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये, येरळा-कृष्णेच्या संगमावर, पुरातून माणसे बाहेर नेणारी नाव उलटली आणि अनेक गावकरी बुडाले. त्याच दिवसांत पूर्वेकडच्या तालुक्यांना पावसाची प्रतीक्षा होती. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथे दरडी कोसळून घरे गाडली गेली. दुष्काळात पाणी वाटून घेता येते. पूर कसा वाटायचा? तरी प्रश्न तोच आहे. पूररेषेत कुणाची घरे आहेत, डोंगराच्या उतारावर कोण राहते, धरणातून पाणी कधी सोडायचे हे कोण ठरवते, आणि चुकीची किंमत कोण मोजते, या प्रत्येक ठिकाणी जोखमीचे वाटप झालेलेच असते. ते कुणी उघडपणे ठरवलेले नसते, एवढेच.

पुराचे पाणी उपसून दुष्काळी तलावांत सोडावे, ही सूचना आता सर्वत्र ऐकू येते आणि पावसाळ्यात कृष्णेचे पाणी उपसणाऱ्या म्हैसाळ योजनेचे पंप चालवून जत भागातले तलाव भरून घेण्याचे प्रयत्नही झाले आहेत. लाखो क्युसेकने वाहणाऱ्या नदीतून पंप फार थोडे उचलतात, त्यामुळे याने सांगलीचा पूर उतरत नाही. पण जतच्या कोरड्या तलावाला तेवढेही पुष्कळ असते. जत तालुक्याच्या सीमेवरील कित्येक गावे म्हैसाळच्या मूळ आराखड्याबाहेर राहिली होती; 2022च्या अखेरीस त्यांच्या पाण्याच्या मागणीवरून महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांत वाद पेटला आणि त्यानंतर योजनेच्या विस्ताराला गती मिळाली. विस्तारित योजनेचे पाणी या गावांत पोहोचल्यावर ते एकरावर मोजायचे की माणसावर, हे ठरवण्याची वेळ पाणी येण्याआधीची आहे. बलवडीच्या लोकांनी ते धरण बांधण्याआधी ठरवले होते.