रेबीज प्रतिबंधक लस : मांडीतील वेदना व स्नायुदौर्बल्य

रेबीजची लस मांडीत टोचल्यानंतर त्या पायात वेदना, जडपणा किंवा अशक्तपणा जाणवल्याच्या तक्रारी येतात. यांतील वेदना सामान्य व अल्पकालीन असते; खरे स्नायुदौर्बल्य मात्र आजच्या लशींनंतर फार क्वचित आढळते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे लशीविषयी पुष्कळ गैरसमज पसरलेले आहेत.

पशुवैद्य, भटकी कुत्री पकडणारे कर्मचारी व प्रयोगशाळेत रेबीजच्या विषाणूवर काम करणारे यांना प्राणी चावण्याआधीच लस देतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये त्यासाठी पहिल्या दिवशी व त्यानंतर सातव्या दिवशी अशा लशीच्या दोन भेटी पुरेशा मानल्या. मोठ्यांना लस दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत, तर दोन वर्षांखालील बालकांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूस टोचतात, कारण त्या वयात दंडाचा स्नायू पुरेसा भरलेला नसतो. कुल्ल्यात ती देऊ नये, असा स्पष्ट दंडक आहे. तेथील चरबीत लस अडकली की प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी प्रथिने) कमी तयार होतात, शिवाय कुल्ल्यातून पायात उतरणाऱ्या सायटिक मज्जातंतूला इजा होण्याचाही धोका असतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूस एवढा मोठा मज्जातंतू नसतो.

स्नायूत अर्धा किंवा एक मिलिलिटर द्रव शिरला की तंतू ताणले जातात, आणि प्रतिकारशक्ती जागी होताना तेथे दाह होऊन सूज येते. मांडीचा हा स्नायू गुडघा सरळ करत असल्यामुळे जिना चढताना किंवा उकिडवे बसून उठताना दुखते. दुखऱ्या स्नायूवर मनुष्य पूर्ण जोर देत नाही, म्हणून पाय ‘लुळा’ वाटतो. ताकद प्रत्यक्षात शाबूत असते. अंगदुखी, डोकेदुखी व कणकणही येऊ शकते. दोन-तीन दिवसांत हे बहुधा ओसरते. थंड पाण्याची पट्टी आणि पॅरासिटामॉल पुरते. स्टेरॉइड मात्र मनाने घेऊ नये, कारण त्याने लशीचा परिणाम मंदावू शकतो.

लशीने पक्षाघात होतो ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. ब्रिटिश वैद्य डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये हिमाचलमधील कसौली येथे मेंढीच्या मेंदूपासून फिनॉल वापरून लस तयार केली, आणि पोटातली ‘चौदा इंजेक्शने’ म्हणून लोकांना आठवते ती हीच. तिच्यात मेंदूतील मायेलिन (मज्जातंतूंवरचे आवरण) असल्यामुळे काहींच्या शरीरात स्वतःच्याच मज्जासंस्थेविरुद्ध प्रतिक्रिया उमटून पाय लुळे पडत. 1955 मध्ये चिलीत नवजात उंदरांच्या मेंदूपासून, म्हणजे मायेलिन कमी असलेल्या ऊतीपासून, लस बनवण्यात आली, तरी धोका पुरता टळला नाही. मेंदूऐवजी पेशीसंवर्धनावर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, तयार केलेल्या लशींमुळे ही गुंतागुंत जवळजवळ नाहीशी झाली. भारतात सेंपल लशीचे उत्पादन 2004-05 च्या सुमारास थांबले.

पेशीसंवर्धित लशींनंतर गीयँ-बारे विकाराची (यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते) तुरळक उदाहरणे नोंदली गेली आहेत. परंतु लस हेच त्याचे कारण, असे सिद्ध झालेले नाही. या विकारात दौर्बल्य बहुधा दोन्ही पायांत सारखे असते, वर चढत जाते, आणि गुडघ्याचे प्रतिक्षिप्त झटके मंद होतात. लस टोचलेल्या एकाच मांडीपुरते ते नसते. अशी लक्षणे दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते, कारण श्वसनाचे स्नायूही त्यात सापडू शकतात. प्राणी चावल्यानंतर लस सुरू असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत निदान अधिक अवघड होते, कारण रेबीजच्या सुमारे एक-पंचमांश रुग्णांत रोग पाण्याची भीती न दाखवता पक्षाघाताच्याच रूपाने प्रकटतो.